मेस्त्रींचा काजळ्या

काजळ्या पहिल्यांदा मेला तेव्हा मी त्या नोकरीत नव्हते. मी रुजू झाले त्या सकाळी तो दुसऱ्यांदा जन्माला यायचा होता, आणि कसा यायचा यावरून आतल्या खोलीत भांडण चालू होतं.

त्र्याऐंशी सालची गोष्ट. विलेपार्ल्याला, पूर्वेला, स्टेशनपासून सात-आठ मिनिटं चालत गेलं की एका दुमजली इमारतीच्या तळमजल्यावर रेगे नावाच्या गृहस्थांचं छोटं प्रकाशन होतं. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. स्वयंपाकघरात ओट्यावर चित्रांची पानं वाळत पडलेली असायची. वारा फिरला की बिस्किटं भाजल्याचा वास आत यायचा आणि अकरा वाजताच भूक लागायची. तिथून दर महिन्याला ‘कॅप्टन निनाद’ नावाचं बत्तीस पानांचं चित्रकथांचं पुस्तक निघायचं. कॅप्टन निनादच्या आवाजाने भिंती कोसळायच्या. त्याच्या तोंडचे फुगे, म्हणजे त्यातली अक्षरं, लिहायला मला घेतलं होतं. पहिल्याच दिवशी रेग्यांनी मला सांगितलं, “ ‘धडाम’मधला ध जरा जाड काढत जा. लोक त्याचेच पैसे देतात.”

चित्रं काढायचे ते मेस्त्री. गंगाराम मेस्त्री. पन्नाशीच्या आसपासचे, बारीक, किंचित वाकलेले. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट नेहमी स्वच्छ, पण खालचा ओठ काळा, कारण ब्रशाचं टोक ते ओठांनी ओलं करायचे. त्यांना कितीदा सांगितलं की शाई पोटात जाते. ते म्हणायचे, “जाऊ दे की. आत तरी कोण बघतंय!”

तर भांडण. काजळ्या हा मूळचा एकाच अंकातला खलनायक. तोंडाला काळं कापड बांधलेला, डोळ्यांच्या जागी दोन भोकं, आणि जिथे जाईल तिथे भिंतीवर काजळीचा अंगठा उठवणारा. पहिल्या अंकात तो दीपगृहाचा रखवालदार होता आणि शेवटी कड्यावरून समुद्रात पडला. विषय संपला होता. पण वाचकांची पोस्टकार्डं यायला लागली, की काजळ्याला परत आणा.

“पोहून वर आला म्हणा,” रेगे म्हणत होते.

“त्याला पोहता येत नव्हतं. दुसऱ्याच पानावर तसं आहे.”

“अहो, कोण लक्षात ठेवतंय?”

“मी ठेवतो ना,” मेस्त्री म्हणाले. “मेलेला माणूस मी परत आणणार नाही. पण कापड राहिलंय खडकावर. ते दुसरा कुणीतरी उचलेल.”

रेगे कपाळाला हात लावून बाहेर आले आणि त्यांना दारात मी उभी दिसले. मागून मेस्त्री आले. त्यांनी मला एकदा नीट बघितलं आणि विचारलं, “तुम्ही आधी काय होतात?”

मला प्रश्नच कळला नाही. “काही नाही. बी. ए. झाले.”

“बी. ए.च्या आधी?”

“शाळेत फळ्यावर सुविचार लिहायचे मी. रोजचा.”

“हां,” ते म्हणाले, जसं काही मी माझी सगळी पात्रता आता कुठे सांगितली होती. “मग जमेल.”

हा प्रश्न ते सगळ्यांना विचारायचे. पोस्टमनला, शाईच्या बाटल्या आणून देणाऱ्या विक्रेत्याला, वरच्या मजल्यावर भाड्याने राहायला आलेल्या नव्या जोडप्याला. आधी काय होतात? आणि गंमत अशी की लोक सांगायचे. पोस्टमन आधी तमाशात ढोलकी वाजवायचा, हे आम्हाला असंच कळलं. शाईवाला दोन वर्षं मठात राहून आला होता. मेस्त्री ऐकताना मान खाली घालून ब्रश पुसत बसायचे, पण एक शब्द सुटायचा नाही. महिन्या-दोन महिन्यांनी ते सगळं काजळ्याच्या तोंडावर उगवायचं.

कारण त्यानंतर काजळ्याचं तसंच ठरून गेलं. दर तीन-चार अंकांनी तो यायचा, कापड तेच, अंगठा तोच, माणूस वेगळा. शेवटच्या पानावर निनाद कापड ओढायचा आणि खालून कुणीतरी नवीन निघायचं. कधी निवृत्त मास्तर, कधी बेकरीतला भट्टीवाला, कधी सिनेमाच्या थेटरातला पडदा ओढणारा. आणि प्रत्येकाला दीड पान ‘आधी’चं असायचं. हा माणूस आधी काय होता, कापड बांधण्याच्या आदल्या दिवशी घरी काय झालं, त्याने डबा खाल्ला की तसाच परत आणला. रेगे तक्रार करायचे, “मेस्त्री, दीड पान झालं, अजून एकसुद्धा ठोसा नाही!” मेस्त्री म्हणायचे, “ठोसा काय, पुढच्या पानावर आहे. पण कुणाला बसला ते कळायला नको?”

मला या माणसाचं फार कुतूहल वाटायचं. जगाला ‘आधी काय होतात’ विचारणारा हा माणूस स्वतः आधी काय होता, ते ऑफिसात कुणाला माहीत नव्हतं. मी एकदा धीर करून विचारलं. “मी?” मेस्त्री म्हणाले. “मी फुलं काढायचो.” आणि ब्रश ओठात धरून टाकला, म्हणजे पुढे बोलायला नको.

काजळ्याखालचे चेहरे खऱ्या माणसांचे असतात हे मला सामंतांमुळे कळलं. सामंत अंधेरीला घड्याळं दुरुस्त करायचे. एका काजळ्याने शहरातली सगळी घड्याळं एक दिवस बंद पाडली होती. कापड काढल्यावर तो निघाला घड्याळजी. तो अंक बाजारात येऊन आठवडा झाला असेल, आणि एके दुपारी एक उंच गृहस्थ अंक हातात घेऊन दारात उभे. एका डोळ्याभोवती भिंग लावून लावून पडलेला गोल वळ. मी त्यांच्याकडे बघितलं, मग अंकाकडे. चेहरा तोच. रेग्यांनीही ओळखलं असावं, कारण ते “मी जरा आत बघतो” म्हणून जे गेले ते आलेच नाहीत.

“मेस्त्री कोण?”

“मी,” मेस्त्री उठून उभे राहिले.

“हा मी आहे ना?”

“थोडासा.”

सामंतांनी अंक टेबलावर ठेवला. आता फाडतात की काय असं मला वाटलं. त्यांनी पान उघडून बोट ठेवलं. “मी तुम्हाला कधी सांगितलं होतं का?”

“काय?”

“हेच. की सगळी घड्याळं एकदम बंद पडावीत असं मला वाटतं. मी बायकोलासुद्धा बोललेलो नाही.”

“नाही, सांगितलं नव्हतंत.”

“मग तुम्हाला कळलं कसं?”

मेस्त्री थोडे ओशाळले. “मी माझं घड्याळ आणलं होतं तुमच्याकडे. तुम्ही ते चालू केलंत. लोकांना काम झालं की बरं वाटतं. पण ते टिकटिक करायला लागलं आणि तुमचा चेहरा पडला. मी चित्रं काढतो, मला चेहरे दिसतात, एवढंच.”

सामंत खुर्चीवर बसले. मी चहा सांगितला. मग तासभर ते दोघं बोलत होते, म्हणजे सामंत बोलत होते. ते आधी पोहायचे म्हणे, शर्यतीत. सेकंदाच्या दहाव्या भागाने एकदा हरले आणि नंतर वडिलांच्या दुकानात बसले. जाताना त्यांनी आणखी दोन अंक मागून घेतले. “बायकोला नको दाखवायला,” म्हणाले, पण दोन कशाला हवेत ते मी विचारलं नाही.

पारूबाईंची गोष्ट याच्या उलट. पारूबाई मढहून तरीने वेसाव्याला यायच्या, तिथून बसने पार्ल्याला, आणि आमच्या गल्लीत मासळी विकायच्या. एक डोळा सतत गिऱ्हाइकावर, एक मांजरांवर. मेस्त्रींचं नि त्यांचं रोज भांडण व्हायचं, कारण मेस्त्री मालवणकडचे आणि मासा ताजा की शिळा यावर कुणाकडून ऐकून घेणारे नव्हते. त्यांनी पुढच्या काजळ्याला बाई करायचं ठरवलं. किनाऱ्यालगतचा सगळा म्हावरा ओरबाडून नेणाऱ्या मोठ्या ट्रॉलरांची जाळी ही बाई कापते, आणि निनाद तिला पकडून देतो. पानं काढून झाली, अक्षरंही मी घातली, छपाईला जायची होती. मेस्त्री म्हणाले, “तिला एकदा वाचून दाखव गो बाय. सामंतांच्या वेळेसारखं नको.”

मग पायरीवर बसून मी पारूबाईंना सगळी पानं वाचून दाखवली. टोपली बाजूला, गिऱ्हाईक ताटकळत. त्या एका चौकटीवर थांबल्या.

“काय रं मेस्त्री, माज्या डाव्या हातात कोयती? मी काय डावरी हाय?”

मेस्त्रींनी मान्य केलं, चूक झाली.

“नाक बरा काडलास,” पारूबाई म्हणाल्या. “फुडं वाच.”

मी पुढे वाचलं. शेवटचं पान आलं. निनाद जाळ्यावर उडी मारतो, कापड ओढतो, पोलीस येतात. पारूबाईंनी निनादच्या शिरस्त्राणावर बोट ठेवलं. “यो टोपरंवाला मला कशाला धरतंय?”

“तो नायक आहे,” मी म्हटलं.

“त्याची होडी हाय काय?”

“नाही.”

“त्याचं पोर उपाशी हाय?”

“नाही.”

“मंग त्याचा काय गेला?” त्या मेस्त्रींकडे वळल्या. “तूच सांग. मी काय वाईट केलां?”

मेस्त्री पानं गोळा करून आत गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी शेवटची दोन पानं नव्याने काढून आणली. निनाद तिच्या पाठोपाठ होडीत चढतो खरा, पण खाडीच्या तोंडाशी त्याला बोट लागते. तो कठड्यावरून वाकून ओकत बसतो आणि पारूबाई, कापड न सोडता, दुसऱ्या होडीतून निघून जाते.

रेगे किंचाळलेच. “आमच्या नायकाला बोट लागली? मेस्त्री, अहो, याच्या आवाजाने भिंती पडतात!”

“समुद्रात भिंती कुठे असतात?” मेस्त्री म्हणाले.

तो अंक संपला. सगळा संपला. पारूबाईंनी चार प्रती नेल्या आणि महिनाभर आम्हाला सुरमई रास्त भावात मिळाली, जे त्याआधी नि त्यानंतर कधी झालं नाही.

मेस्त्री स्वतः आधी काय होते ते मला बोरिवलीला कळलं, आमच्याच घरी. मला कावीळ झाली होती. पंधरा दिवस घरी होते. मेस्त्री पानं वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन आले, कारण अक्षरं दुसऱ्या कुणाकडून घालून घ्यायची त्यांची तयारी नव्हती. आईने पोहे केले. ते गॅलरीत हात धुवायला गेले आणि परत येईनात. आई बघायला गेली तर ते दोरीवरच्या चादरीसमोर उभे.

“काय झालं?” आईने विचारलं.

“हा मोगरा माझा,” ते म्हणाले.

आमची ती चादर साधी होती, दहा वर्षं वापरलेली, सगळीकडे मोगऱ्याचे झुबके छापलेले. त्यांनी एक फूल चिमटीत धरलं. “ही पाचवी पाकळी बघा. चुकली होती माझी. उलटी वळलीय. कुणाच्या लक्षात आलं नाही आणि तशीच छापत गेले. मी गिरणीत होतो ना. डिझाइन खात्यात. एकवीस वर्षं.”

आईला फार कौतुक वाटलं. तिने आतून उशीचे अभ्रे आणले. त्यातलाही एक त्यांचाच निघाला. मग तिने सहज विचारलं, “संपात गेली का हो नोकरी?”

मेस्त्रींचा चेहरा एकदम बंद झाला. दुकानाची फळी पडावी तसा. “हो, म्हणजे तेव्हाच,” म्हणाले, पाणी प्यायले आणि पोहे अर्धे टाकून उठले. ते गेल्यावर आई ताटली उचलताना म्हणाली, “या माणसाने काहीतरी गिळून ठेवलंय.”

पुढच्या उन्हाळ्यात शहरात आणि आसपास दंगल होऊन गेली. आमच्या गल्लीत काही झालं नव्हतं. पण बोलणं बदललं होतं. माणसं वाक्य अर्धं सोडायची आणि समोरच्याने ते मनात पुरं करायचं. अशा दिवसांत एकदा रेगे वितरकाला भेटून आले आणि मेस्त्रींना त्यांनी समोर बसवलं. मी शेजारच्या टेबलावर होते.

“मेस्त्री, आता खरा काजळ्या दाखवायचा. शेवटचा. या सगळ्यांच्या मागे होता तो, ज्याने यांना फूस लावली. वितरक म्हणतात, लोकांना दर वेळी मास्तर नि कोळीण नको आहे. कापड काढल्यावर बघताक्षणी कळलं पाहिजे, हा दुष्ट.”

“बघताक्षणी कसं कळेल?”

रेग्यांनी दाराकडे एकदा बघितलं. मग स्वतःच्या हनुवटीखाली हात फिरवून दाढी दाखवली आणि पंजा डोक्यावर टोपीसारखा ठेवला. तोंडाने काही बोलले नाहीत.

मेस्त्रींनी विचारलं, “हा आधी काय होता?”

“कोण?”

“हाच. तुम्ही आत्ता दाखवलात तो.”

“तो आधीही हाच होता हो. जन्मल्यापासून!”

“असा माणूस मला काढता येत नाही, रेगे.”

“मग ज्याला येतो त्याच्याकडून काढून घेईन.”

“घ्या,” मेस्त्री म्हणाले, पण उठले नाहीत. “वाकोल्याला माझ्या भिंतीपलीकडे असाच एक राहतो. रफूचं काम करतो. माझी नोकरी गेली तेव्हा मी दार लावून पडून असायचो. दोन महिने त्या घरून ताट यायचं. त्याची बायको दारात ठेवायची आणि कडी वाजवून जायची. तो आधी काय होता, सांगू?”

“नको,” रेगे म्हणाले. रेगे वाईट नव्हते. वितरकापुढे त्यांचं काही चालत नव्हतं, एवढंच. “मेस्त्री, मला पंधरा तारखेला पानं पाहिजेत. शेवटचा काजळ्या. बाकी तुम्ही बघा.”

मेस्त्री आठ दिवस आले नाहीत. नवव्या दिवशी आले ते दाढी वाढलेली, शर्ट चुरगळलेला. पहिल्यांदाच मी त्यांना तसं बघत होते. त्यांनी पानांचा गठ्ठा माझ्या टेबलावर ठेवला. “रेग्यांना दाखवायच्या आधी अक्षरं घाल. मजकूर मागे पेन्सिलीने लिहिलाय.”

अक्षरं घालताना मी सहसा अर्थाकडे लक्ष देत नसे. काना, मात्रा, फुग्यात बसतंय का, एवढंच. पण त्या दिवशी चौथ्या पानावर माझा हात थांबला. त्या पानावर कापडाखालचा माणूस फुलं काढत बसला होता.

मी सांगते ते त्या पानांवर होतं तसंच सांगते. दोघे भाऊ, एकाच गिरणीत. थोरला गंगाराम डिझाइन खात्यात, धाकटा सखाराम सांच्यावर कापड विणायला. एकाने फूल काढायचं आणि दुसऱ्याने विणलेल्या कापडावर ते छापलं जायचं. मग संप. धाकटा फाटकासमोर बसतो. महिने जातात. थोरला पगारी नोकर, त्याला मालकांचा निरोप येतो की नवीन डिझाइनं पाहिजेत, गाडी पाठवतो, मागच्या फाटकाने या. गाडीत असे पाच जण. साहेब प्रत्येकाला एक काळं कापड देतो, की तोंडाला बांधा, कुणी ओळखायला नको. पाच माणसं, पाचांच्या तोंडाला एकाच ताग्यातलं कापड. ही चौकट मेस्त्रींनी अख्खं पानभर काढली होती. गाडीत पाच काजळ्या दाटीवाटीने बसलेले, पाचांच्या मांडीवर पाच डबे.

पुढच्या पानावर गाडी अडवली जाते. गर्दी काचेवर थापा मारते. काचेला सगळ्यात जवळ धाकटा भाऊ. त्याला कापडाखालचं तोंड दिसत नाही. पण आतून काचेवर टेकलेला हात दिसतो, बोटांना रंग लागलेला. गर्दीतला एक जण त्याला विचारतो, “कोण रे तो? ओळखतोस?” आणि सखारामच्या तोंडाजवळ एक फुगा.

मागे मजकूर नव्हता. मी मेस्त्रींना विचारलं, “या फुग्यात काय लिहू?”

“तो रिकामाच ठेव.”

“पण ते काय म्हणाले?”

मेस्त्री खिडकीबाहेर बघत होते. “तो म्हणाला, माझ्या ओळखीचो नाय. मग गाडी सोडली त्यांनी. मी वाचलो गो. मागून दुसरी गाडी होती, तिच्यातल्या एकाचं डोकं फुटलं.” ते थांबले. “दुसऱ्या दिवसापासून मी गेलो नाही. पण तेव्हापासून मला कळत नाही, त्याने मला वाचवलं की टाकलं. त्याच्या दारात दोनदा गेलो, त्याने दार उघडलं नाही. मग तो मुलुंडला गेला राहायला.”

मी तो फुगा तसाच ठेवला. बाकीचं सगळं लिहून काढलं. शेवटच्या पानावर निनाद कापड ओढतो आणि खाली मेस्त्रींचा स्वतःचा चेहरा होता. काळा ओठ, वाकलेलं नाक, सगळं. काही सुधारलं नव्हतं.

रेग्यांनी पानं एकेक करून बघितली. शेवटचं बघून म्हणाले, “हे तुम्ही आहात.”

“हो.”

“पण मेस्त्री, लोक तुम्हाला ओळखत नाहीत. लोकांना तुमचा राग कसा येईल?”

“पहिल्यापासून वाचलं तर येईल.”

रेगे पहिल्या पानावर गेले आणि वाचायला लागले. आम्ही दोघं उभेच. वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि बराच वेळ डोळे चोळले. “मशीन उद्याचं आहे,” म्हणाले. “आता दुसरी पानं कुठून आणू?” आणि गठ्ठा छापखान्याला पाठवला. दुसरी पानं आणायला त्यांच्याकडे दोन दिवस होते, हे मला नंतर छापखान्यातून कळलं.

अंक आला त्या दिवशी मेस्त्रींनी एक प्रत तपकिरी पाकिटात घातली आणि माझ्यासमोर ठेवली. “पत्ता तू घाल. माझं अक्षर तो ओळखतो. उघडणार नाही.” त्यांनी पत्ता सांगितला, मी लिहिला. आयुष्यात मी इतकं नीट काही लिहिलं नव्हतं. सखाराम मेस्त्री, मुलुंड. ते पाकीट त्यांनी स्वतः पेटीत टाकलं. पेटीच्या तोंडात हात घालून ते आत पडल्याची खात्री करून घेतली.

अंक पडून राहिला. वितरकाने गठ्ठे परत पाठवले. रेग्यांनी कॅप्टन निनाद बंद करून शब्दकोड्यांचं मासिक काढलं, त्यात चित्रकाराला काम नव्हतं. मेस्त्री एक दिवस त्यांचे ब्रश घेऊन गेले. मुलुंडहून काही उत्तर आलं का, हे विचारायचा मला धीर झाला नाही, आणि मग विचारायला ते नव्हते. वर्षभराने मी वाकोल्याला त्यांच्या खोलीवर गेले तर कुलूप होतं. रफूवाल्याची बायको म्हणाली, “वो तो चले गए, बेटी. सामान भी ले गए.” कुठे, ते तिला माहीत नव्हतं.

मग एकोणनव्वद साल असावं. माझ्या मावसबहिणीला बघायला मुलुंडला गेले होते, आणि परत जाताना भाजी घ्यावी म्हणून बाजारात शिरले. एका हातगाडीवर चांगली वांगी दिसली म्हणून थांबले. गाडीमागचा माणूस कुणावर तरी ओरडत होता. मी त्याचं नाक बघितलं आणि वांगं हातात तसंच राहिलं. ते नाक मला पाठ होतं. तो अंक मी शंभरदा तरी बघितला असेल.

गाडीच्या बाजूला उलट्या खोक्यावर मेस्त्री बसले होते. केस पूर्ण पांढरे, शर्ट मात्र तसाच स्वच्छ. मांडीवर मिरच्यांची टोपली. हा सगळा आरडाओरडा त्यांच्यावर चालला होता.

“देठां काढू नको म्हणान किती येळा सांगलंय तुका! देठ काढलंस काय सांजवेळपर्यंत मऊ पडतत. गिऱ्हाईक माका बोलता, तुका नाय. काल सांगलंय, परवा सांगलंय. चाय पण तशीच थंड करून ठेयलंस. डोक्यात काय भरलां हा तुझ्या?”

शेजारची भाजीवाली मला हसून म्हणाली, “रोजचंच आहे ताई, दिवसभर चालू असतं. तुम्ही वांगी घ्या.”

मी मेस्त्रींना हाक मारणार होते, पण मारली नाही. ते मान वर करून भावाचं बोलणं ऐकत होते, डोळे किंचित मिटलेले, जसं कुणी थंडीत उन्हाला बसतं. सखाराम दमून थांबला आणि त्याने वांग्यांवर पाणी मारायला तांब्या उचलला. मेस्त्रींनी टोपलीतली आणखी एक मिरची घेतली, भावाकडे बघितलं, आणि तिचं देठ खुडलं.